शनिवारची मॅच, गुहागरला कोण कोण येतंय (आणि चादर)

मंदार (कॉर्क, सध्या गुहागर)
बुधवार 10 मे 2023, रात्री 9.40

मंडळी, रेंज येते-जाते म्हणून पटकन लिहितो. शनिवारी युनायटेड रग्बी चॅम्पियनशिपची सेमीफायनल, मन्स्टर प्रांत विरुद्ध लेन्स्टर प्रांत, आमच्या खळ्यात लावतोय, आयर्लंडच्या आपल्या मराठी मंडळातले जे कोणी सुट्टीला कोकणात आलेत त्यांनी या, लाल (मन्स्टर) निळे (लेन्स्टर) सगळे चालतील. टीव्ही मिळणार नाही. बाबा सकाळपासून कर्नाटकचा निकाल बघणार, संध्याकाळी दिल्ली-पंजाब. त्यांना म्हटलं आमची सेमीफायनल आहे, तर म्हणाले कसली, म्हटलं रग्बी, तर म्हणाले मग ते बाहेर बघा. म्हणून बाहेर. प्रोजेक्टर आहे. मॅचचा पास काढलाय, कारण तिकडचं ॲप इथे उघडलं की तुमच्या देशात उपलब्ध नाही म्हणतं.

एकच अडचण आहे, पडदा. भिंत चिऱ्याची, गिलावा नाही, काल लावून बघितलं तर आपला मन्स्टरचा ओमाहनी, त्याला देवी आल्यासारखा दिसत होता. आमच्याकडे सगळ्या चादरी फुलाफुलांच्या. कुणीतरी डबलबेडची पांढरी चादर आणा. जेवण आमच्याकडे, शाकाहारी, आई आहे.

---

केदार (डब्लिन, सध्या दापोली)
बुधवार 10 मे, रात्री 10.25

चादर आणतो, सासूबाईंकडे ढीग आहे. पण मॅच डब्लिनच्या साडेपाचला म्हणजे आपल्याकडे रात्री अकराला, संपायला पाऊण वाजणार, आणि दाभोळची जंगलजेट्टी (खाडीपलीकडे गाड्या-माणसं नेणारी बोट) तोवर झोपलेली असणार. मी यायचं कसं ते सोड, परत कसा जाऊ? रविवारी सकाळी मेहुण्याचा साखरपुडा आहे आणि गाडी सासऱ्यांची. खेड-चिपळूणवरून फिरून जायचं तर रात्रीचे तीन तास, त्यात हायवे कुठे खणून ठेवलाय ते तुम्हाला माहितीच आहे. तूच का नाही येत इकडे? प्रोजेक्टर उचलायचा आणि यायचं.

आणि लाल-निळे चालतील म्हणजे काय, निळे जिंकणार आहेत म्हणून निळ्यांना बोलवावंच लागेल. या सीझनला दोनदा हरवलंय तुम्हाला, ऑक्टोबरात डब्लिनच्या अविवा स्टेडियमला 27-13 आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी तुमच्याच लिमरिकला 20-19.

---

वृषाली (गॉलवे, सध्या रत्नागिरी)
गुरुवार 11 मे, सकाळी 7.05

केदार, साडेचार तास रे. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे गेली, आता फरक साडेचारचा. म्हणजे रात्री दहा.

आणि कुणाला आठवत असेल तर त्याच दिवशी आमचीपण सेमीफायनल आहे, केपटाऊनला, स्टॉर्मर्सशी. बेलफास्टला जाऊन अल्स्टरला 15-10 नं हरवून आलोय आम्ही. मंडळात कॉनाक्ट नावाचा प्रांत आहे हे कोजागिरीची जागा ठरवताना कुणाला आठवत नाही, मॅचला तरी आठवा.

---

केदार
गुरुवार 11 मे, सकाळी 8.50

साडेपाचच आहे गं. मी गेली सहा वर्षं पुण्याच्या टीमशी कॉल करतोय, साडेपाच धरतो आणि कधी चुकलेलो नाही.

---

निखिल (डब्लिन)
गुरुवार 11 मे, दुपारी 1.15

केदार, तू एप्रिलभर प्रत्येक कॉलला एक तास आधी आलास असं तुझाच पुण्याचा मॅनेजर मला म्हणाला होता. साडेचार.

बाकी सगळ्यांना विनंती, ही लिस्ट साडेतीनशे लोकांना जाते, ज्यांना मॅचमध्ये रस नाही त्यांच्यासाठी विषयाच्या ओळीत रग्बी लिहा.

---

शिल्पा (डब्लिन)
गुरुवार 11 मे, दुपारी 2.02

कुठला प्रोजेक्टर?

---

मंदार
गुरुवार 11 मे, रात्री 8.30

शिल्पाताई, मंडळाचाच. आधी कळवायला हवं होतं, मान्य आहे. पण परिस्थिती ऐका. गणपतीनंतर तो आमच्या गॅरेजमध्ये आहे कारण डब्लिनला कुणाकडे ठेवायला जागा नव्हती (हे मिटिंगमध्ये झालंय), हिवाळ्यात तिथे ओल येते, कोजागिरीला चंद्र दिसला नाही म्हणून चंद्र दाखवायला एकदा काढला तेवढाच, वापरला नाही तर बुरशी धरेल. शिवाय त्याचा पंखा कुरकुरत होता, तो इथे चिपळूणला दोनशे रुपयांत साफ करून मिळाला, तिकडे दोनशे रुपयांत फोनपण उचलत नाहीत. म्हणजे मंडळाचा फायदाच झालाय. हँडबॅगेत घालून आणला, विमानात मांडीवर होता, ओव्हरहेडला पण नाही टाकला.

केदार, तिकडे यायचं जमत नाही, बाबा दहाला झोपाळ्यावर बसून विचारतात सगळी मुलं आली का. मी चाळिशीचा आहे तरी. तू जेट्टीनं दुपारी ये, इथेच झोप, सकाळच्या पहिल्या फेरीनं जा. साखरपुडा किती वाजता?

---

सुहास (लिमरिक, सध्या मालवण)
गुरुवार 11 मे, रात्री 9.10

गुहागर, दापोली, गुहागर, दापोली. आमका कोण विचारता? कोकण सावित्री नदीपासून तुमच्या धोपाव्यापर्यंत संपतं असा काही ठराव झालाय का मंडळात? माझ्याकडे मोठा टीव्ही आहे, इन्व्हर्टर आहे, सुरमई आहे. साडेतीनशेतले किमान चाळीस सिंधुदुर्गातले आहेत पण गणपतीला नेवरी-करंजीच होते, खाजं कधी आणलेलं आठवत नाही.

मी एकटाच बघीन. मन्स्टर पाच पॉइंटांनी.

---

डॉक्टरकाका (लिमरिक, आता मुरुड)
गुरुवार 11 मे, रात्री 10.45

सर्वांस सप्रेम नमस्कार.

चि. मंदार, उत्साह चांगला आहे पण मे महिन्यात रात्री खळ्यात प्रोजेक्टर लावलास तर त्या उजेडावर जे किडे येतील ते मोजून ठेव, पंधरा विरुद्ध पंधरा कुठले आणि उडणारे कुठले ते कळणार नाही. माझ्याकडे मुरुडला फायबर आहे, पांढरी भिंत आहे, बॅटरी गेल्याच महिन्यात बदलली. केदार तर हाकेच्या अंतरावर आहे. म्हणजे पाणी ओलांडायचं असेल तर ते मंदारने ओलांडावं.

बाकी मन्स्टर म्हटलं की लोक 1978 काढतात, मुंबईच्या जावयाने परवा मलाही विचारलं, बाबा तुम्ही तेव्हा लिमरिकला होतात ना, म्हणजे ती मॅच बघितली असेल. 31 ऑक्टोबर, मंगळवार होता. न्यूझीलंडच्या ऑल ब्लॅक्सना 12-0. त्या दिवशी मैदानात बारा हजार माणसं होती असं सांगतात आणि मला आजवर भेटलेल्यांपैकी तिथे हजर असलेले लाखभर तरी असतील. मी नव्हतो. मी वॉर्डात होतो. आयर्लंडला येऊन वर्ष झालं होतं, रग्बी म्हणजे काय माहीत नव्हतं. दुपारी एक म्हातारा पेशंट, ज्याला उठायची मनाई होती, तो उठून खिडकीशी उभा राहिला, मी ओरडलो, तर म्हणाला डॉक्टर, गप्प राहा, ऐका. मला काही ऐकू आलं नाही. थॉमंड पार्कात कुणी किक मारायला उभा राहिला की, आपला असो वा परका, सगळं मैदान गप्प होतं हे मला नंतर कळलं. तो शांतता ऐकत होता. मी त्याचं ब्लडप्रेशर घेतलं आणि ते बरंच वाढलेलं होतं एवढीच माझी 1978 ची आठवण.

2006 ला मात्र मी होतो, लॅन्सडाउन रोडला, युरोपची सेमीफायनल. डब्लिनच्या मैदानात लेन्स्टरची माणसं शोधावी लागत होती, सगळं लाल. 30-6. केदार तेव्हा शाळेत असेल.

---

केदार
गुरुवार 11 मे, रात्री 11.20

काका, दहावीत होतो. आणि तुम्ही 2006 सांगितलंत तर 2009 पण सांगा ना, क्रोक पार्क, परत युरोपची सेमीफायनल, 82,208 माणसं, क्लब रग्बीत तोवर एवढी गर्दी जगात कुठे झाली नव्हती, आणि 25-6 निळ्यांचं. त्यानंतर तुमच्या कपाटात 2011 सोडून काय आलंय? बारा वर्षं धूळ पुसताय. आम्ही 2018 ते 2021 सलग चार वर्षं ही लीग जिंकलीय, त्यातली शेवटची फायनल तुमच्याशीच, 16-6.

मुरुडला मॅच असेल तर माझे सगळे प्रश्न सुटतात हे नम्रपणे नोंदवतो.

---

मंदार
शुक्रवार 12 मे, सकाळी 6.55

काका, तुमचा मान आहे, पण मी आईला पंधरा माणसांचं सांगून बसलोय, तिने काल फणस उतरवून घेतलाय, आता मुरुडला मॅच म्हटलं तर फणस घेऊन मी जेट्टीत बसू का. किड्यांचं बरोबर आहे, त्यासाठी खळ्याच्या दुसऱ्या टोकाला पिवळा बल्ब लावणार, ते तिकडे जातील, आमच्या काजूच्या फॅक्टरीवाल्या शेजाऱ्यांची आयडिया आहे.

शिवाय इथली पोरं बघायला येणार आहेत, मी त्यांना नियम शिकवतोय. चेंडू फक्त मागे द्यायचा हे पटवायलाच दोन दिवस गेले. पण मॉल, म्हणजे चेंडू घेतलेल्या माणसाला धरून उभ्याने ढकलणारा घोळका, एका मिनिटात समजला. गेल्या वर्षी मे अखेरीला वेलदूरला होड्या वर घेताना ती होती, सगळे खांदा लावून ढकलतात, मधला कोण दिसत नाही, एकजण ओरडतो आणि होडी हातभर सरकते. म्हटलं तेच, फक्त होडीच्या जागी चेंडू घेतलेला माणूस. एक पोरगी म्हणाली मग तो स्वतः का नाही चालत. याचं उत्तर मला देता आलं नाही.

आणि केदार, आकडे आम्हालाही येतात. पहिले आलात, आम्ही पाचवे, सगळं मान्य. पण एप्रिलमध्ये केपटाऊनला जाऊन स्टॉर्मर्सला 26-24, मग डर्बनला 22-22, मग गेल्या शनिवारी ग्लासगोला त्यांच्या घरात 14-5. दीड महिना घरी एक मॅच नाही, सगळं बॅग भरून फिरतायत. अशा टीमला डब्लिन म्हणजे काय, दाभोळ-धोपावे.

---

डॉक्टरकाका
शुक्रवार 12 मे, सकाळी 9.30

होडीचा दाखला अर्धवट आहे. मी हर्णैला लहानपणापासून बघतोय. होडी वर घेताना खाली ओंडके घालतात, पुढून दोर ओढतात, मागून ढकलतात, आणि समोरून कुणी उलट ढकलत नाही. मॉलमध्ये समोरचे आठ जण उलट ढकलत असतात, सगळी गंमत त्यात आहे. आणि होडी जागेवर थांबली तर तासभर विडी ओढायला बसता येतं. मॉल थांबून राहिला की रेफ्री सांगतो चेंडू बाहेर काढा. मुलांना चुकीचं शिकवू नये.

---

सुहास
शुक्रवार 12 मे, सकाळी 10.05

काका, विडी ओढायला तासभर हर्णैला मिळत असेल. आमच्याकडे 1 जूनला मासेमारी बंद होते, त्याआधी होड्या वर घेऊन शाकारायच्या असतात, पाऊस काय रेफ्रीची वाट बघत नाही.

---

वृषाली
शुक्रवार 12 मे, सकाळी 10.40

मंदार, आत्ता वाचलं, ती ओमाहनीला देवीवाली ओळ काढून टाक, माझी आजी ही लिस्ट वाचते.

मी येते शनिवारी. रत्नागिरीवरून जयगड-तवसाळ जेट्टीनं, म्हणजे मलाही पाणी आहे, मी काही बोललेली नाही. माझ्या मॅचचा निकाल मला फोनवर बघू द्या, तेवढंच.

---

निखिल
शुक्रवार 12 मे, सकाळी 11.50

विषयाच्या ओळीत रग्बी लिहा म्हटलं तर आता रग्बीच्या ओळीत होड्या आहेत.

---

केदार
शुक्रवार 12 मे, दुपारी 12.30

मंदार, बॅग भरून फिरलेल्या टीमचे पाय कसे असतात ते शनिवारी सत्तराव्या मिनिटाला बघू. गेल्या शनिवारी शार्क्सना आम्ही 35-5 दिलंय. माझी काळजी वेगळीच आहे, पुढच्या शनिवारी युरोपची फायनल आहे ला रोशेलशी, गेल्या वर्षी त्यांनीच 24-21 नं घालवली, म्हणून आमचे मोठे लोक उद्या बाहेर बसवतील आणि तुम्ही आमच्या पोरांना हरवून वर्षभर सांगत फिराल. आणि ला रोशेलचा कोच कोण, तर रोनन ओगारा. तुमचा जुना दहा नंबर, किका मारणारा. म्हणजे एकदा तुमच्याशी आणि एकदा तुमच्या जुन्या माणसाशी, दोन शनिवार मन्स्टरच.

---

मंदार
शुक्रवार 12 मे, दुपारी 1.10

ओगाराचं नाव घेतलंस म्हणून. 2009, कार्डिफ, आयर्लंडकडून वेल्सविरुद्ध, दोन मिनिटं राहिलेली आणि त्याने ड्रॉप गोल मारला (चालू खेळात चेंडू जमिनीवर टाकून खांबांमधून लाथ), 17-15, ग्रँडस्लॅम, म्हणजे सिक्स नेशन्सच्या सगळ्या मॅच जिंकलो. मी त्या वर्षी नवीन होतो, कॉर्कला भाड्याच्या खोलीत खालच्या मजल्यावरचा म्हातारा घरमालक जिन्यातून वर आला आणि मला मिठी मारून रडला, आमची त्याआधी फक्त कचऱ्याच्या डब्यावरून बोलाचाली झाली होती. तेव्हापासून मी लाल. आता आमचा दहा नंबर क्रावली, तो पण कॉर्कचाच पोरगा. पण ड्रॉप गोल आता कोण मारतं, सगळे कोपऱ्यात लाथाडून लाईनआउट (रेषेबाहेरून चेंडू आत फेकणं) घेतात.

---

केदार
शुक्रवार 12 मे, दुपारी 1.18

तेच म्हणतो. ते दिवस गेले.

---

रश्मी (डब्लिन, सध्या दापोली)
शुक्रवार 12 मे, दुपारी 3.45

नमस्कार. मीही या लिस्टवर आहे हे काही लोक विसरतात.

माझ्या सख्ख्या भावाचा साखरपुडा रविवारी सकाळी साडेदहाला आहे. केदारने घरी असं सांगितलंय की शनिवारी डॉक्टरकाकांच्या गुडघ्याचं काहीतरी आहे म्हणून रात्री मुरुडला थांबावं लागेल. काका, गुडघा कसा आहे?

---

डॉक्टरकाका
शुक्रवार 12 मे, दुपारी 4.20

चि. सौ. रश्मी, गुडघा उत्तम आहे. या बाबतीत मला काही विचारण्यात आलं नव्हतं.

आता असं करू. मी स्वतः केदारला घेऊन शनिवारी दुपारच्या फेरीने गुहागरला जातो, म्हणजे मुरुडचा आग्रह मी मागे घेतो, फणस उतरवलाय म्हणतात. गाडी माझी, तुझ्या वडिलांची गाडी घरीच राहील. रविवारी पहिल्या फेरीने निघू, नऊच्या आत दापोलीत. जेट्टीवर फोन करून पहिल्या फेरीची वेळ मी विचारून घेतो, इथे सुट्टीत प्रत्येकजण वेगळी वेळ सांगतो. केदार मॅचनंतर जागरण करणार नाही याची जबाबदारी माझी. निकाल काहीही लागो.

---

रश्मी
शुक्रवार 12 मे, दुपारी 4.31

काका, तुम्ही आहात म्हणून हो. केदार, अंगठीची डबी तुझ्या लॅपटॉपच्या बॅगेत आहे, ती काढून ठेवून मग जा.

---

शिल्पा
शुक्रवार 12 मे, संध्याकाळी 6.00

मंदार, प्रोजेक्टरबद्दल मी कार्यकारिणीशी बोलले. दोनशे रुपयांची पावती हवी. एचडीएमआय केबल दोन होत्या, दोन्ही परत यायला हव्यात, गेल्या वर्षी रिमोट हरवला तेव्हा कुणीच घेतला नव्हता. उघड्यावर पाऊस आला तर काय करणार आहेस ते लिहून कळव. आणि यापुढे मंडळाची कुठलीही वस्तू देशाबाहेर नेण्याआधी मेल करायचा, मोठ्या समईसकट. हो, तीही कुठे आहे ते मला माहीत आहे.

मी घरी बघेन, टीव्हीवर, फुकट, साडेपाचला. माझ्या नवऱ्याने निळा स्कार्फ काढलाय, मे महिन्यात.

---

सुहास
शुक्रवार 12 मे, रात्री 11.35

सूर्यकुमार 103 नाबाद!!! वानखेडे!! बघितलं का कुणी?

---

निखिल
शुक्रवार 12 मे, रात्री 11.50

विषयाची ओळ, सुहासदादा.

---

मंदार
शनिवार 13 मे, दुपारी 2.40

शिल्पाताई, पावती मिळाली, फोटो पाठवतो. पाऊस आला तर पडवीत घेणार, तिथे पंधरा माणसं मावतात, आत्ताच बसवून बघितली, पोरं मोजून. ढग आलेत पण बाबा म्हणतायत पडणार नाही, आणि बाबांनी निकालापासून उठून येऊन हे सांगितलं म्हणजे टीव्हीवर जाहिरात होती.

लाईट बाराला गेली, अजून आली नाही. इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर, राउटर आणि एक पंखा चालेल असं इलेक्ट्रिशियन म्हणाला, फ्रीज काढावा लागेल. आई म्हणते आमरस फ्रीजमध्ये आहे. मी म्हटलं दहाच्या आत संपवू. बॅटरीत पाणी घातलंय. दीड तास निघाला पाहिजे, ऐंशी मिनिटं आणि मधली पंधरा, म्हणजे जेमतेम पाच मिनिटं कमी पडतायत, ती हाफटाइमला सगळं बंद करून वाचवणार.

वृषाली तवसाळला उतरलीय. बल्ब लावलाय. आता फक्त चादर. केदार, कुठे आहात?

---

केदार
शनिवार 13 मे, दुपारी 4.15

धोपाव्याला उतरलो. काका जेट्टीवर तांडेलाशी मॉलबद्दल बोलतायत, तो म्हणतोय रेफ्री बरोबर आहे. अंगठी काढून ठेवली.

चादर आणलीय, डबलबेडची. सासूबाईंनी कपाटातून स्वतः काढून दिली, गाडीत उघडून बघितली, फिकट निळी आहे. पांढरी पाहुण्यांना लागणार म्हणाल्या.